बाईंचे हात

हात मात्र बरोबर केले होते... दोन्ही हात छातीवर आडवे, पंजे काखेत खुपसलेले, उजवा वर, डावा खाली. बाकी सगळं चुकलेलं. बोटभर उंचीची ती प्लॅस्टिकची बाई गोळ्यांच्या डबीला टेकून उभी होती. तिच्या अंगावर घोट्यापर्यंत काळा झगा होता, डोक्यावर कपाळ झाकणारी टोपी, कमरेला पट्टा, पट्ट्याला टांगलेल्या बारक्या कुप्या (विषाच्या असणार, दुसरं काय!) आणि पाठीत एक कळ. काल नातीनं दाखवलं होतं : कळ दाबली की डाव्या काखेतून सुरी बाहेर येते.

चहा निवत होता. आजीनं पुन्हा एकदा कळ दाबली. टक्. आली सुरी.

बाईंच्या काखेत सुरी! प्रसूतिगृहात कुणी कात्रीची पाती उघडी ठेवून ट्रेमध्ये टाकली तर बाई ओरडायच्या नाहीत, नुसत्या येऊन ती कात्री मिटायच्या, आणि त्या एवढ्याशा आवाजानं आम्हा मुलींच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. नाळ कापायची तेवढंच धारदार. बाकी धारदार काही त्यांना खपत नसे. नखं नाहीत, अंगठी नाही, जिभेलासुद्धा धार नको. ‘आतली बाई आधीच फाटत असते, तिला आणखी ओरखडे कशाला’, असं म्हणायच्या. आणि आता ही त्यांची मूर्ती. हिच्या काखेत सुरी.

नात काल संध्याकाळी आली होती. तिला घरात सगळे खडू म्हणतात, कारण लहानपणी तिनं भिंती, फरशी, कपाटाची दारं, एकदा झोपलेल्या आजोबांचं टक्कलसुद्धा कोरं ठेवलं नव्हतं. आता तिशी ओलांडलेली खडू गेम बनवणाऱ्या कंपनीत माणसं रंगवते. खऱ्या माणसांच्या फोटोंवरून गेममधली माणसं. आल्या आल्या तिनं मूठ पुढं केली होती, उघडली होती.

“आजी, ओळख बरं कोण!”

“हात बाईंचे दिसतात. बाकीची ही कोण?”

“बाईच गं! आमच्या नव्या गेममधल्या. थांब, नीट दाखवते.”

मग तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला, आणि आजीनं पाहिलं. रात्र, धुकं, ओल्या दगडांचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून बाई चालताहेत. चालताहेत कसल्या, मांजरासारख्या भिंतीवर चढताहेत. एका दाराशी झगा घातलेला कुणी उभा. तो हात काखेत घालतो, बाईही हात काखेत घालतात, दार उघडतं. ही त्यांची खूण. ‘काळे हात’ नावाची गुप्त संघटना म्हणे, शेकडो वर्षांची, जगाच्या दोऱ्या ओढणारी, आणि बाई तिच्यातल्या. दिवसा सुईण, रात्री मारेकरी. तळघरात मेणबत्त्या लावून, बोट कापून रक्ताची शपथ वगैरे. आणि पुढं कुठंतरी त्या न्यायाधीशांच्या मोठ्या घरात मागच्या दारानं शिरतात, आणि जिन्यावर...

“बंद कर ते,” आजी म्हणाली होती.

काळे हात! साबणानं आणि औषधी पाण्यानं धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली होती त्यांची, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यांत तेल भरावं लागायचं. तेच हे काळे हात!

त्या हातांचं कारण एवढं साधं होतं की ते कुणाला सुचलंच नाही. बाळंतिणीच्या पोटाला गार हात लावायचा नाही. गार हात लागला की पोट दचकतं, आवळतं, बाई घाबरते. म्हणून खोलीत शिरण्याआधी दोन्ही पंजे काखेत धरून उभं राहायचं, ऊब येईपर्यंत. आत कुणी किंचाळत असलं तरी, नातेवाईक दार बडवत असले तरी, आधी हात. बाईंनी हे आम्हाला शिकवलं. ज्या दिवशी फोटोवाला आला त्या दिवशी बाईंना एका बाळंतिणीपासून उठवून अंगणात आणलं होतं. त्यांचा सगळा जीव आत होता, म्हणून हात काखेतच राहिले. त्याच फोटोवरून चौकातला पुतळा झाला. आणि पुतळ्यावरून हे. गावात अजून हजारभर माणसं असतील ज्यांना पहिला स्पर्श त्या हातांचा झाला, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे हात असे का?

“आजी, चिडू नको ना,” खडू म्हणाली होती. “पुतळ्याकडे बघतं का कुणी? कबुतरं बसतात. इथं निदान लाखो मुलं बाईंना ओळखतील. स्वतः बाईंना चालवतील.”

“चालवतील? बाईंना? बाईंना आजवर कुणी चालवलं नव्हतं.”

खडू हसली होती. गोड हसते ती. तिच्या मनात पाप नाही, हेच तर अवघड. “अगं, गोष्ट लागते गं. नुसती सुईण म्हणून कोण खेळणार? लेव्हल एक, पाणी तापवा?”

नुसती सुईण. आज सकाळीही तो शब्द चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तोंडात फुगत होता. पुरुषानं पूल बांधला की पूल पुरतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, पुलाखाली तुझं काय गुपित होतं. आणि एक बाई ऊन-वाऱ्यात दारोदार गेली, जिथं बाळंतीण मेली की ‘देवाची इच्छा’ म्हणून पांघरूण ओढायचे तिथं बाई दात-ओठ खाऊन बसून राहिली, तिच्या हातून गावाची एक पिढी जगात आली... तर हे पुरत नाही! एवढी ताकद हिच्यात आली कुठून, हिच्यामागं कुणीतरी असणार, तळघर असणार, संघटना असणार. तेव्हाही हेच म्हणत होते, फक्त लॅपटॉप नव्हता.

जाताना दारात चपला घालताना खडू गंभीर झाली होती. “तुला खरंच नको असेल ना, तर मी बोलते ऑफिसात. तू बाईंची शेवटची विद्यार्थिनी, तुझं ऐकतील. पण उद्या संध्याकाळपर्यंत सांग, त्यानंतर काही बदलता येणार नाही. आणि आजी, कारण लागेल हं. ‘बाई तशा नव्हत्या’ एवढ्यानं नाही भागणार. न्यायाधीश गेले तेव्हा बाई त्याच घरात होत्या, कारकुनानं त्यांना जिन्यावर न्यायाधीशांच्या अंगावर वाकलेलं बघितलं, हे तर सगळ्या गावाला माहितीय. मारायला गेल्या नव्हत्या, तर कशाला गेल्या होत्या?”

कशाला गेल्या होत्या. तेव्हाही हेच विचारलं होतं. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी, न्यायाधीशांच्या भावानं, चौकशीला आलेल्या साहेबानं. कधी हळू, कधी टेबलावर हात आपटून. बाईंनी उत्तर दिलं नाही. गुन्हा सिद्ध झाला नाही, पण प्रसूतिगृहाचं दार त्यांना बंद झालं ते कितीतरी वर्षं. आणि ‘विष घातलं म्हणे’ हे वाक्य मात्र हिंडतच राहिलं, पुतळा बसला तरी त्याच्या चौथऱ्याभोवती हिंडत राहिलं, आणि आता काळा झगा घालून पडद्यावर आलं.

एक वाक्य. माझ्याजवळ एक वाक्य आहे, आणि ते बोललं की हे सगळं कोसळेल.

तिनं चष्मा काढून टेबलावर टाकला. टाकला म्हणजे फेकलाच. त्याची एक काडी निखळली.

चष्मेवाल्याचं दुकान रस्त्याच्या वळणावर. बापाचं दुकान मुलानं चालवलेलं, आणि तो मुलगाही आता साठी उलटलेला. भिंतीवर त्याच्या आईवडिलांचा फोटो, खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. तिला बघताच त्यानं भिंगातून डोळा मोठा केला.

“या, सिस्टर! आज काय, चष्म्यावर बसलात?”

“बसले नाही. आपटला.”

“कुणाच्या डोक्यात?”

“टेबलावर. राग आला म्हणून.”

“घ्या! रागावर आमचं दुकान चालतं. मागच्या खेपेला शेजारणीवर होता, आज कुणावर?”

तो स्टुलावर बसला, चिमट्यात इवलासा स्क्रू धरून मान खाली घातली, आणि ते दिसले. कान. डोक्यापासून फटकून उभे, वरची कड जराशी दुमडलेली. कोर्टाच्या जिन्यात न्यायाधीशांची तसबीर आहे. पेन्शनच्या कामाला गेलं की तिच्यासमोरून जावं लागतं. तेच कान. आयुष्यभर ती हे कान बघत आली होती. शाळेत जाताना टोपीखाली, लग्नात मुंडावळ्यांखाली, केस पिकल्यावर... आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता कुणीतरी बघेल, आता कुणाच्यातरी लक्षात येईल. कुणाच्या आलं नाही. माणसं कानांकडे बघत नाहीत.

“आपल्या बाई गेममध्ये आल्यात म्हणे,” स्क्रू फिरवत तो म्हणाला. “आमच्या जावयानं दाखवलं फोनवर. काय उडी मारतात हो! तुमचीच नात ना त्यात? न्यायाधीशाला चांगलाच उडवलाय.”

“आवडलं तुम्हाला?”

“न आवडायला काय झालं? आणि मी तर म्हणतो, दिलं असेल बाईंनी खरंच काहीतरी. दिलं तर दिलं! खडूस म्हातारा होता म्हणतात, पोरीला सुद्धा घराबाहेर पाय टाकू द्यायचा नाही. असल्याला...” त्यानं चिमट्यानं हवेत काहीतरी उपटून टाकलं, आणि लगेच दबकून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. “आई असती ना, तर आज जेवायला वाढलं नसतं मला. बाईंबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नव्हती घरात. म्हणायची, तुझ्या वेळी कळा देऊन देऊन मी संपले होते, आणि बाईंनी पोटावर हात ठेवला — असा ऊबदार, असा ऊबदार, जशी उन्हात ठेवलेली उशी!”

उशी.

तिनं काउंटरची कड धरली. त्या पोटावर उशीच होती. लहान उशी, नाडीनं बांधलेली, आणि बाई महिन्यामहिन्याला जाऊन तिच्यात कापूस भरायच्या. चष्मेवालीण, याची आई, हसत हसत रडायची तेव्हा, म्हणायची, बाई, आज ही लाथ मारते असं वाटलं हो मला. तिला मूल होत नव्हतं. आणि तिकडं मोठ्या घरातल्या माडीवर न्यायाधीशांची मुलगी पोटाला पट्टे आवळून खिडकीशी बसायची, अठरा-एकोणीस वर्षांची, आणि बापाला काही माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर काय झालं असतं, हे तिनंच बाईंना एका वाक्यात सांगितलं होतं — ‘तो मला मारणार नाही हो, तो फक्त दार बंद करील आणि पुन्हा उघडणार नाही.’

“सिस्टर, तुम्ही तर होतात ना बाईंबरोबर? मी झालो तेव्हा?”

“होते.”

“मग सांगा की! लगेच रडलो का?”

“रडलात,” ती म्हणाली. “फार मोठ्यानं रडलात.”

“बघा! तेव्हापासून फुफ्फुसं दणकट!” तो छातीवर थाप मारून हसला, कान लाल झाले, आणि चष्मा पुसून त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या नाकावर बसवला. “दिसतंय नीट?”

दिसत होतं. नको इतकं नीट.

मोठ्यानं रडला तो, तेच तर झालं. न्यायाधीश कोर्टातून संध्याकाळी यायचे, पण त्या दिवशी दुपारीच आले. ऊन एवढं कडक होतं की सगळी गल्ली दारं लावून झोपली होती, आणि माडीवर आम्ही तिघी — मुलगी, बाई, आणि हातात टॉवेल घेऊन मी. नाळ बांधली, कापली, आणि मूल रडलं. जिन्यावर पावलं होती. ती थांबली. मग काहीतरी जड बसल्याचा आवाज. बाईंनी एकदाच दाराकडे पाहिलं, मूल गुंडाळून अवजारांच्या पिशवीत ठेवलं, पिशवी माझ्या हातात दिली. ‘मागच्या दारानं. पळायचं नाही. पळणाऱ्या मुलीकडे लोक बघतात.’ आणि त्या पुढच्या जिन्याकडे धावल्या. मी मागच्या जिन्याच्या वळणावरून पाहिलं : म्हातारा पायरीवर कलंडलेला, आणि बाई गुडघ्यांवर, दोन्ही पंजे त्याच्या छातीवर, दाबताहेत, सोडताहेत, दाबताहेत — त्याच हातांनी, त्याच ऊबदार हातांनी — आणि खालून कारकून वर येतोय.

मारायला नव्हे. वाचवायला. मनात आणलं असतं तर त्या केव्हाही ‘इथं मूल जन्माला आलं म्हणून मी इथं आहे’ म्हणाल्या असत्या आणि सुटल्या असत्या.

रस्त्याच्या कडेच्या बाकावर ती बसली. समोर पोस्टर होतं : काळा झगा, धुकं, काखेत हात. दोन मुली त्याच्यासमोर तसेच हात करून एकमेकींचे फोटो काढत होत्या. तिला त्यांना ओरडून सांगायचं होतं... काय? गुप्त संघटना वगैरे काही नव्हती म्हणून? आणि तिथंच, त्या बाकावर, तिचा राग पहिल्यांदाच अडखळला, कारण ते खोटं झालं असतं. होती संघटना. बाई, मी, ती मुलगी, चष्मेवालीण. तळघर नव्हतं, एक मोरी होती. मेणबत्त्या नव्हत्या, लाल साबणाची वडी होती. प्रत्येक बाळंतपणानंतर बाई आमच्या हातावर स्वतः पाणी घालायच्या आणि विचारायच्या, ‘काय पाहिलंस?’ आम्ही म्हणायचं, ‘मूल पाहिलं.’ — ‘आणखी?’ — ‘काही नाही.’ मगच पाणी थांबायचं. कुणाच्या घरात किती पसारा, कुणाच्या पाठीवर वळ, कुणाचं मूल कुणासारखं दिसतं, सगळं त्या पाण्याबरोबर. शपथ असं कुणी म्हटलं नाही. आम्हाला ते हात धुणंच वाटायचं.

त्या संध्याकाळीही धुतले. चष्मेवालिणीच्या ओटीत पिशवी रिकामी करून मी परत आले, बाईही आल्या, पदराला घाम पुसत. पाणी घालत विचारलं, ‘काय पाहिलंस?’

‘मूल पा—’

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आज मूलही नाही.’

घरी आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. प्लॅस्टिकची बाई तशीच डबीला टेकून. सुरी बाहेर राहिली होती. तिनं बोटानं दाबून आत ढकलली, पण ती आत राहीना, पुन्हा पुन्हा बाहेर. फोन वाजला.

“आजी, काय ठरवलंस? मी ऑफिसातच आहे, इथले सगळे थांबलेत.”

“दुपार होती, म्हणावं.”

“काय?”

“रात्र नव्हती ती. धुकं नव्हतं. भर दुपार होती, रस्त्यात सावली नव्हती, आणि बाईंच्या अंगावर पांढरं लुगडं होतं. एवढं तरी नीट करा, म्हणावं. काही कळत नाही तुम्हाला, आणि वर काळोख घालता!”

खडूचा आवाज आला, हळू, ऑफिसातून बाहेर कुठंतरी आलेला. “आजी... हे कुठंच लिहिलेलं नाहीये. तुला कसं माहीत? तू होतीस तिथं?”

तिनं सुरी पुन्हा आत ढकलली.

“आजी, काय पाहिलंस तू?”

उत्तर ओठांवर होतं. इतकं तयार, इतकं घासलेलं की ते आपोआप येऊ लागलं — काही नाही — आणि ते येताना तिला एकदम संताप आला, सकाळपासूनच्या सगळ्या संतापाहून मोठा, आणि तो खडूवर नव्हता, त्या गेमवाल्यांवर नव्हता. बाई, तुमच्यावर. तुम्ही गप्प राहिलात तो तुमचा मोठेपणा. मला का कुलूप लावून गेलात? विचारलंत का मला? सतरा वर्षांची होते मी. तुम्हाला पुतळा मिळाला, त्याला आई मिळाली, त्या मुलीला उघडं दार मिळालं. आणि मी साठ वर्षं कान बघत बसले. आता तुम्हाला सोडवायचं तर त्याच्या डोक्यावरून त्याची आई काढून घ्यायची, त्याला सांगायचं की तुझ्या पहिल्या रडण्यानं... आणि नाही सोडवायचं तर तुम्ही भिंतींवर चढत राहणार, सुरी घेऊन, लाखो मुलांच्या हातात. हे कसलं शिकवणं? हे कुठं धुवायचं?

“आजी? ऐकतेयस ना?”

फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला होता. कधी धरला ते तिला कळलं नव्हतं. दोन्ही पंजे काखेत होते, उजवा वर, डावा खाली.

“थांब जरा,” ती म्हणाली. “हात गार आहेत माझे.”